घोडेस्वारी शाळेला महापालिकेची नोटीस: परवाना नेमका कशाचा काढायचा?

प्रश्न: मी एनसीसीत घोडेस्वारी शिकले. गेल्या वर्षापासून महापालिका हद्दीच्या टोकाला एका ओळखीच्या शेतकऱ्याची जमीन साध्या स्टॅम्पपेपरवर भाड्याने घेऊन मुलांना शिकवते. सहा घोडे आणि दोन मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारे) आहेत. विनापरवाना घोडे ठेवल्याची नोटीस आता आली आहे, सात दिवसांत खुलासा मागितला आहे. एक एजंट ‘रायडिंग स्कूल लायसन्स’ काढून देतो म्हणतो. ते घ्यावं का? पालकांकडून हमीपत्र घेते, तेवढं पुरेल ना? एका घोडीच्या पाठीला खोगीर लागून जखम झाली आहे, पण तिच्यावर मी फक्त लहान मुलांनाच बसवते.

उत्तर: ताई, एजंटाला एक रुपयाही देऊ नका. ‘रायडिंग स्कूल लायसन्स’ नावाचा परवाना आपल्याकडे अस्तित्वातच नाही. इंग्लंडमध्ये तो आहे. तिथे 2018 च्या नियमांनुसार स्थानिक प्रशासन घोड्यांची आणि जागेची तपासणी करून परवाना देतं. आपल्याकडे असा एकच कायदा नसल्यामुळे परवानग्या निरनिराळ्या कायद्यांत विखुरल्या आहेत.

नोटीस नीट वाचा. तिचा आक्षेप तुमच्या शिकवण्यावर नाही, तबेल्यावर आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 376 नुसार भाड्याने देण्यासाठी घोडे ठेवायचे असतील तर आयुक्तांचा परवाना लागतो. मुंबईत हेच काम 1888 च्या अधिनियमाचं कलम 394 करतं. मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा तबेल्यांच्या परवान्यांचा मुद्दाही निकालात होता. ‘मी घोडा भाड्याने देत नाही, शिकवण्याची फी घेते’ असा बचाव सुचेल. मांडता येईल, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका, कारण तुमच्या फीमध्ये घोड्याचा वापर धरलेलाच आहे.

म्हणून खुलासा मुदतीच्या आत द्या आणि प्रतीवर आवक शिक्का घ्या. परवान्याची गरजच नाही असं त्यात लिहू नका. परवान्यासाठी अर्ज करत आहोत, प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी आणि तोपर्यंत कारवाई करू नये, असं लिहा. अर्ज त्याच दिवशी दाखल करा. तबेल्याचा नकाशा जोडा आणि सांडपाणी कुठे जातं, लीद रोज कुठे उचलली जाते ते स्पष्ट लिहा. अशा तक्रारी बहुतेक वेळा शेजाऱ्यांकडून, वासावरून आणि माशांवरूनच सुरू होतात.

जमिनीचा कागद मात्र कच्चा आहे. जमीन एका वर्षाहून जास्त मुदतीने भाड्याने घेतली असेल तर नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे तो भाडेकरार नोंदणीकृत असावा लागतो. साध्या स्टॅम्पपेपरवर तुमचा हक्क टिकणं अवघड. मालकाशी नवा करार करून तो नोंदवा आणि वापर ‘घोडेस्वारी प्रशिक्षण’ असा लिहून घ्या. घोडे पाळले म्हणजे शेती झाली असा समज आहे, पण फी घेऊन शिकवणं हा शेतीचा वापर नाही. विकास आराखड्यात ही जमीन कोणत्या झोनमध्ये येते ते आधी पाहा, मग बिनशेतीचं बोलू. ती प्रक्रिया आता पूर्वीपेक्षा बरीच सुटसुटीत झाली आहे.

आता त्या घोडीबद्दल. तुमच्या पत्रातल्या या एका ओळीने मी सगळ्यात अस्वस्थ झालो. तिच्यावर आजपासून कोणालाही बसवू नका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याचं कलम 11 सांगतं की वय, आजार किंवा जखमेमुळे कामाला अपात्र झालेला प्राणी कामाला लावणं हा गुन्हा आहे. स्वार लहान आहे का मोठा, हे कायदा विचारत नाही. पहिल्या गुन्ह्याचा दंड अवघा 10 ते 50 रुपये आहे, पण त्यावर जाऊ नका. प्राणी जप्त झाला तर 2017 च्या नियमांनुसार खटला संपेपर्यंत तो पांजरपोळात राहू शकतो आणि खर्च मालकाच्या अंगावर पडू शकतो. दोषी ठरल्यास न्यायालय मालकी हक्कही काढून घेऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी, जखमेवर खोगीर दाबलं गेलं की घोडी उसळणार आणि वर मूल असणार. पशुवैद्यांना आजच बोलवा आणि विश्रांतीचा लेखी सल्ला घ्या. तबेल्यात काटेरी लगाम असेल तर तोही काढून टाका. 1965 च्या नियमांनी तो स्वारीसाठीही वापरायला बंदी आहे.

बाकीच्या पाच घोड्यांचेही कागद तयार ठेवा: प्रत्येकाची आरोग्य नोंद, लसीकरण आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्त तपासणी. ग्लँडर्स माणसालाही होऊ शकतो आणि 2009 च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याखाली त्याची खबर देणं मालकाचं कर्तव्य आहे. संशय आला की तो घोडा वेगळा बांधायचा आणि कळवायचं. बाधित घोडा दयामरण देऊन नष्ट करावा लागतो, त्याबद्दल भरपाईची तरतूद आहे. लपवलं तर भरपाई मागायला तोंड उरत नाही. घोडे ट्रकने कुठे न्यायचे असतील तर प्रवासयोग्यतेचा पशुवैद्यकीय दाखला सोबत हवा. आणि कधी तिकीट लावून घोड्यांच्या कसरतींचा कार्यक्रम करायचा ठरवलात, तर त्याआधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. रोजच्या वर्गाला ती लागू नाही.

हमीपत्राने पालकांना धोका समजावून सांगितल्याचा पुरावा तयार होतो, त्याहून फारसं काही नाही. अल्पवयीन मुलाला करार करता येत नाही आणि ‘काहीही झालं तरी आमची जबाबदारी नाही’ हे वाक्य तुमच्या निष्काळजीपणावर पांघरूण घालत नाही. फी घेता म्हणजे पालक ग्राहक आयोगात जाऊ शकतात. दुर्दैवाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तेव्हा विचारलं जाईल ते एवढंच: हेल्मेट होतं का, मोतद्दार लगाम धरून होता का, या मुलाला हाच घोडा का दिला? त्याची उत्तरं रोजच्या नोंदवहीत असली पाहिजेत. त्रयस्थ व्यक्तींच्या इजेचा विमा काढा आणि त्यात शिकणारे विद्यार्थी येतात का, ते पॉलिसीत स्वतः वाचा. मोतद्दारांसाठी अपघात भरपाईचं संरक्षण वेगळं घ्या. घोड्याची लाथ आधी त्यांनाच बसते.

दुकाने व आस्थापना कायद्याखाली तुमच्यासारख्या मोजके कामगार असलेल्या आस्थापनेने सरकारला फक्त सूचना द्यायची असते, ती ऑनलाइन होते. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागेल. भारतीय अश्वारोहण महासंघाशी संलग्नता स्पर्धांसाठी उपयोगी आहे, पण ती परवान्याची जागा घेत नाही.

सुनावणीला जाताना अर्जाची पोच, नवा भाडेकरार आणि पशुवैद्यांचा दाखला मूळ प्रतींसह न्या. परवाना नाकारला तर आदेश लेखीच मागा, कारण अपील त्या कागदावरच होतं.