वाचकांचे प्रश्न: मोटर बदलायच्या आधी वायर बघा

प्रश्न (मुलुंड): माझी 2009 ची हॅचबॅक आहे. डाव्या पुढच्या दाराची काच ड्रायव्हरच्या बटणाने वरही जात नाही नि खालीही येत नाही. त्या दारावरच्या बटणाने मात्र खाली जाते, पण वर येत नाही. दार दोनचारदा जोरात आपटलं की कधी कधी सगळं परत चालू होतं, पावसात तर जास्तच त्रास. मेकॅनिक म्हणतो मोटर गेली, मशीनसकट (काच वर-खाली सरकवणारा दारातला सांगाडा) बदला, साडेचार हजार. बदलू का?

उत्तर: नका बदलू, निदान आत्ता तरी. तुमची मोटर खाली जाताना फिरतेय ना, मग ती मेलेली नाहीये, कारण वर-खाली दोन्ही कामं एकच मोटर करते, फक्त करंटची दिशा उलटते. तिला दोनच वायरी असतात, बटण एका बाजूला दाबलं की एकीला 12 व्होल्ट मिळतात नि दुसरी अर्थ होते, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली जाते, उलट दाबलं की बरोबर उलट. आता खरी गोम अशी की साध्या वायरिंगच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत डाव्या दाराच्या बटणाला अर्थ त्याच्या स्वतःच्या दारात मिळतच नाही, तो ड्रायव्हरच्या मेन स्विचमधून (त्याच्याजवळचा सगळ्या काचांच्या बटणांचा संच) दोन वायरींवाटे येतो. त्यातली एक तुटली की ड्रायव्हरचं बटण पूर्ण बंद पडतं, कारण त्याला दोन्ही वायरी लागतात, आणि दारावरचं बटण एकाच दिशेला चालतं, कारण तेवढ्याच दिशेला त्याला उरलेल्या वायरीतून अर्थ मिळतो. तुम्ही नेमकं हेच लिहिलंय.

कुठे तुटली असेल? दार आणि बॉडीच्या मध्ये बिजागरापाशी काळी घड्यांची रबरी नळी दिसते ना, तिच्यात बघा. दार जितक्या वेळा उघडतं तितक्या वेळा वायरी तिथेच वाकतात, वरचं प्लास्टिक शाबूत राहतं नि आतलं तांबं तुटतं. आपटल्यावर टोकं टेकतात म्हणून तात्पुरतं चालतं. नळी फाटली असेल तर पावसाचं पाणी आत जाऊन तांब्याला हिरवा गंज चढतो, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तो लवकर चढतो.

खात्री करायला इग्निशन ऑन ठेवा, घरातल्या कुणालातरी बटण दाबून धरायला सांगा आणि तुम्ही दार हळूहळू उघड-बंद करत ती नळी हलवा. एखाद्या कोनात काच हलली की दुखणं सापडलं. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, नळी सरकवून एकेक वायर हलकेच ओढा, तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. तेवढ्याच जाडीची नवी मऊ वायर मध्ये सोल्डर करून घ्या, वरून गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवा, आणि जोड वाकणाऱ्या भागात ठेवू नका, नाहीतर पुन्हा तिथेच तुटेल. नुसतं पिळून टेप गुंडाळणाऱ्याला कृपा करून हात लावू देऊ नका, आपल्या दमटपणात टेपचा गोंद सुटतो आणि एका पावसात तुम्ही परत तिथेच. वायरी सगळ्या ठीक निघाल्या तर मग मेन स्विच उघडून आतले जळालेले पॉइंट बघायचे, कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ होतात, फारच जळाले असतील तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना स्विच शोधता येतो.

मोटरचा नंबर सगळ्यात शेवटी लावा. तिच्या कपलरवर (वायरी जिथे मोटरला जोडतात तो प्लास्टिकचा जोड) दोन्ही दिशांना 12 व्होल्ट नीट येतायत आणि तरी ती फिरत नाही, तेव्हाच ती गेली म्हणायचं. मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडला स्वस्तात मिळतो, जुनी गाडी असेल तर घरात असावाच.

प्रश्न (दादर): काच रडतखडत वर येते, अर्ध्यात थांबते, थोड्या वेळाने परत चालते. फ्यूज जास्त अँपिअरचा टाकू का?

उत्तर: अजिबात नको! फ्यूज मोठा टाकला तर वायर जळेल. मोटर तापली की आतला कटऑफ तिला थांबवतो, थंड झाली की परत सुरू, म्हणजे तिच्यावर ओझं पडतंय. बहुतेक वेळा काच ज्या रबरी चॅनलमधून सरकते तो कडक झालेला किंवा धुळीने भरलेला असतो. ओल्या फडक्याने आत खोलवर पुसा, वाळू द्या, मग सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस, इंजिन ऑइल रबराला लावू नका, रबर फुगतं नि काच आणखी अडकते. तरी हळूच चालली तर काच वर जात असताना मोटरपाशी व्होल्टेज मोजा, बॅटरीपेक्षा बरंच कमी दिसलं तर दोष स्विचमध्ये नाहीतर वायरीत.

प्रश्न (बोरिवली): मोटरचा आवाज येतो पण काच दारात पडलीये.

उत्तर: मशीनची केबल तुटली किंवा काच धरणारी प्लास्टिकची पकड मोडली. मोटर चांगली असेल तर बहुतेक गाड्यांत तीच नव्या मशीनला बसते, दुकानदाराला आधी विचारा. तोवर काच दोन्ही तळव्यांनी वर सरकवून फ्रेमला टेप लावा. मशीन कात्रीसारख्या हातांचं असेल तर त्यात ताणलेली स्प्रिंग असते, मोटर सुटी करताना मशीनचा हात झटकन फिरतो आणि बोटं कापतात, ते काम जाणत्यालाच द्या. आणि दाराच्या पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा परत नीट चिकटवून घ्या, तो नसला की पाणी आत गाडीत येतं. दाराखालची पाणी निघायची भोकंही काडीने मोकळी करून घ्या.

प्रश्न (अंधेरी): एक मागची काच उघडत नाही, पावसाळ्यानंतर केली तर चालेल?

उत्तर: आधी मेन स्विचवरचं लॉकचं बटण दाबलेलं नाही ना बघा, पुष्कळदा तेवढंच असतं. तसं नसेल तर पावसाळ्याच्या आधीच करा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला, तेव्हा मुंबईत माणसं बंद गाड्यांत अडकून दगावली आहेत. पाणी दाराशी चढायला लागलं की वायरिंग चालू आहे तोवरच सगळ्यात आधी काचा खाली घ्या आणि बाहेर पडा, काच बंद पडली तर बाजूच्या काचेचा कोपरा हेडरेस्टच्या दांड्याने फोडायचा, पुढची काच फुटून पडत नाही. सबवेत पाणी दिसलं तर गाडी घालूच नका.