वाचक विचारतात: जुन्या मोटरबोटीला कुठलं आउटबोर्ड?

प्रश्न: माझी १९६० च्या सुमाराची १४ फुटी प्लायवूड रनअबाउट, म्हणजे छोटी उघडी वेगवान बोट, आहे. तिचं जुनं, मागे बाहेरून लटकणारं (आउटबोर्ड) २५ एचपी टू-स्ट्रोक इंजिन आता दुरुस्तीपलीकडे गेलंय. नवीन फोर-स्ट्रोक २५ चं घेऊ की थेट ४० चं? किती एचपी चालेल ते सांगणारी क्षमतेची पाटी बोटीवर नाही.

उत्तर: एचपी नंतर, आधी वजनाचं बघा. त्या काळचं २५ चं टू-स्ट्रोक ५० किलोच्या आसपास भरायचं. आजचं २५ चं फोर-स्ट्रोक, सेल्फ-स्टार्टसकट, ६० ते ७५ किलो असतं आणि ४० चं शंभराच्या घरात जातं. वर १५-२० किलोची बॅटरी येते, शिवाय २५ लिटरची भरलेली टाकी. हे सगळं मागेच येऊन बसतं आणि बोट त्या वजनासाठी बांधलेलीच नसते.

पैसे मोजण्यापूर्वी एक चाचणी करा. बोट पाण्यात उतरवा, इंजिन काढून ठेवा. नेहमीची माणसं नेहमीच्या जागी बसवा आणि २० लिटरचे पाण्याचे कॅन ट्रान्समला, म्हणजे मागच्या उभ्या फळीला, आतून टेकवून ठेवा. एक कॅन म्हणजे २० किलो. नव्या इंजिनाइतकं वजन झालं की ट्रान्समच्या खाचेपासून, म्हणजे इंजिन अडकवायच्या जागेपासून, पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. वीतभर तरी उरलं पाहिजे. कॅन फळीच्या आत असतात, इंजिन बाहेर लटकतं, त्यामुळे प्रत्यक्षात बोट याहून थोडी जास्तच बसेल. थ्रॉटल एकदम सोडला की मागून येणारी स्वतःचीच लाट या खाचेतून आत शिरते. खाचेच्या पुढे पाणी अडवणारा हौद नसेल तर ती थेट पायाशी येते.

पाटी नसली तरी वरची मर्यादा काढता येते. अमेरिकन कोस्ट गार्डच्या सूत्रात बोटीची लांबी आणि ट्रान्समची रुंदी फुटांत घेऊन गुणतात. तुमचा ट्रान्सम ५ फूट रुंद धरला तर १४ गुणिले ५ म्हणजे ७०. ट्रान्सम २० इंचांपेक्षा बुटका असेल किंवा स्टिअरिंग व्हील नसेल तर ०.८ ने गुणून २५ वजा करायचे: ३१, आणि पुढच्या पाचाच्या पटीत ३५. अशाच बोटीचा तळ सपाट आणि तळाच्या कडा धारदार असतील तर ०.५ ने गुणून १५ वजा: २०. ट्रान्सम २० इंची आणि व्हीलही असेल तर दुपटीतून ९० वजा, म्हणजे ५०. ही कमाल मर्यादा आहे. साठ वर्षांच्या लाकडाचा, स्क्रूंचा आणि सांध्यांचा विचार या सूत्रात नाही.

आता वेग. हलक्या रनअबाउटसाठी ढोबळ हिशेब असा: एकूण किलोंना एचपीने भागा, भागाकाराचं वर्गमूळ काढा आणि १६३ ला त्याने भागा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. दोन माणसं, इंधन, इंजिन धरून बोट ४४० किलो आणि इंजिन २५ चं असेल तर ३९. इंजिन ४० चं घेतलं तर वजन ४८० होतं आणि वेग ४७. म्हणजे ताकद ६० टक्क्यांनी वाढली, वेग जेमतेम २० टक्क्यांनी. १५ चं लावलं तरी ३० मिळतात.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बरेच उत्पादक ताकद क्रँकशाफ्टवर मोजत. आता ती प्रोपेलरच्या, म्हणजे पंख्याच्या, शाफ्टवर मोजतात. गिअरमध्ये साधारण दहावा हिस्सा जातो. त्यामुळे तुमचं जुनं २५ म्हणजे आजचं २२-२३. आमचं मत स्पष्ट आहे: २० चं घ्या, फार तर हलक्यातलं २५. ४० विसरा.

प्रश्न: ट्रान्समची उंची १७ इंच भरते. इंजिनाचा पाय शॉर्ट शाफ्टमध्ये १५ इंची, लाँगमध्ये २० इंची. मी कुठला घेऊ?

उत्तर: आधी नीट मोजलंत का ते पाहा. माप ट्रान्समच्या मधोमध, खाचेच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत, सरळ ओळंब्यात घ्यायचं. फळी मागे कललेली असते, तिच्या उतारावरून टेप लावला तर आकडा वाढतो. मधे कील, म्हणजे तळाखालचा लांब कणा, असेल तर कीलच्या बाजूच्या तळापर्यंत मोजा, कीलच्या खालपर्यंत नको.

मग इंजिनावर टेप लावा: क्लँप ट्रान्समवर जिथे बसतो तिथून प्रोपेलरच्या वरच्या आडव्या प्लेटपर्यंत. कॅटलॉगमध्ये ‘शॉर्ट, १५ इंच’ म्हणून आलेलं इंजिन प्रत्यक्षात सोळा-सतरा इंच भरतं, असं बऱ्याचदा दिसतं. सतरा भरलं तर तुमचा प्रश्न तिथेच मिटला. ही प्लेट तळाच्या पातळीत किंवा त्याखाली इंचभरापर्यंत हवी. वर राहिली तर वळणावर पंखा हवा ओढतो, इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट ढकलली जात नाही. दोन-तीन इंच खाली गेली तर इंजिनाचा पाय नुसता पाणी नांगरतो, मागे फवारा उडतो, वेग पडतो.

शॉर्ट शाफ्ट खरोखरच १५ इंची निघाला तर लाँग घ्या आणि ट्रान्समवर तीन इंचांचा सागवानी ठोकळा इपॉक्सीने आणि बोल्टने पक्का बसवा. ट्रान्सम कापून बुटका करण्याच्या फंदात पडू नका.

जुन्या बोटींची एक खोड: लाकडी कील थेट ट्रान्समपर्यंत येते. तिच्यामागचं ढवळलेलं, हवा मिसळलेलं पाणी बरोबर पंख्यावर जातं. शेवटच्या फूट-दीड फुटात कील निमुळती करत तळाशी मिळवली की बहुतेकदा त्रास जातो. तेवढं करायचं नसेल तर इंजिन इंचभर खाली घ्या.

प्रश्न: १६ फुटी, गोल तळाची, फळीवर फळी चढवलेली जुनी लाँच आहे. वजन माणसांसकट ६०० किलो. १५ एचपी पुरेल का? बॅटरीवरचं इंजिन चालेल का?

उत्तर: १५ फार झालं. ही बोट पाण्यावर चढून पळणारी नाही, पाणी बाजूला सारत चालणारी आहे. तिच्या वेगाची मर्यादा तिच्या पाणरेषेची, म्हणजे पाण्याच्या पातळीवरची, लांबी ठरवते: लांबीचं फुटांतलं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. पाणरेषा १५ फूट धरली तर ५.२ नॉट, ताशी साडेनऊ किलोमीटर. यापुढे कितीही ताकद लावा, नाक वर जातं, शेपूट बसतं आणि मागे लाटांचा डोंगर उभा राहतो; पेट्रोल तेवढं जळतं.

शांत पाण्यात ४ एचपी पुरतं. समोरून वारा किंवा प्रवाह असेल तर ६ घ्या. त्याहून महत्त्वाचा पंखा. अशा बोटीला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे सरकणारा), हळू फिरणारा पंखा हवा. वेगवान रबरी डिंगीसाठी बसवलेला पंखा इथे पाणी नुसतं घुसळतो. त्याच एचपीचं ‘हाय थ्रस्ट’ मॉडेल मिळालं तर तेच घ्या: गिअर जास्त उतरवलेला असतो, पंखा मोठा असतो, आणि रिव्हर्सही चांगला लागतो. जड बोट धक्क्याला लावताना याचा खरा उपयोग कळतो.

बॅटरीसाठी ही बोट उत्तम. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ४.८ युनिट. १ किलोवॅटवर रमतगमत चाललात तर साडेचार तासांच्या वर चालेल. ३ किलोवॅटचं इंजिन पूर्ण सोडलंत तर दीड तासात संपेल. लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते, म्हणून वेग थोडा कमी केला तरी पल्ला खूप वाढतो. १४ फुटी रनअबाउटच्या मालकांनी मात्र हे वाचून बॅटरी घेऊ नये. तिथे हिशेब वेगळा आणि निराशाजनक आहे.

प्रश्न: बोट १९५८ ची, म्हणून इंजिनही त्याच काळातलं लावावं असं वाटतं. घेताना काय तपासू?

उत्तर: शोभेसाठी झकास, रोजच्या वापरासाठी नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये पाव भागाच्या आसपास इंधन न जळताच बाहेर जातं. काही जलाशयांवर अशी इंजिनं चालू देत नाहीत, ते आधी विचारा.

तपासताना प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. आकडा किती यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. १० टक्क्यांहून जास्त नको. खालच्या गिअरकेसचा तळचा स्क्रू सैल करा. पहिल्यांदा पाणी आलं किंवा ऑइल दुधाळ निघालं तर सील गेलेत. पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर न बघताच बदला, वर्षानुवर्षं पडून त्याची पाती वाकलेलीच राहतात. ऑइलचं प्रमाण इंजिनाच्या काळाप्रमाणे: २४ ला १ असेल तर लिटरला ४२ मिलि, ५० ला १ असेल तर २० मिलि. नवीन ऑइल चांगलं म्हणून जुन्या इंजिनात कमी घालू नका. त्याच्या साध्या बेअरिंगना ते पुरत नाही. १९५० च्या दशकातल्या काही इंजिनांना दोन नळ्यांची, आत हवेचा दाब धरणारी टाकी असते. ती काढून इंधनपंप बसवा. गळकी, दाबाखालची पेट्रोलची टाकी पायाशी ठेवून फिरण्यात मजा नाही.

प्रश्न: नवीन इंजिन फुल थ्रॉटलला ४९०० आरपीएमच देतं. पुस्तकात ५००० ते ६००० लिहिलंय.

उत्तर: पिच जास्त आहे. एक इंच पिच कमी केला की १५० ते २०० आरपीएम वाढतात, म्हणजे ५५०० गाठायला तीन इंच कमी पिचचा पंखा. पण तो मागवण्यापूर्वी झाकण काढा आणि कुणालातरी लिव्हर पूर्ण पुढे ढकलायला सांगा. कार्ब्युरेटरवरचा हात टोकाच्या स्टॉपला टेकतोय ना? जुन्या बोटीची केबल नव्या इंजिनाला जोडली की हा घोटाळा हमखास होतो. मोजमाप नेहमीच्या माणसांसह घ्या, एकट्याने नको. आणि ‘थोडं कमी फिरतं तर बरंच, इंजिन टिकेल’ हा समज चुकीचा आहे. जड पंख्यावर ओढणारं इंजिन चढावर टॉप गिअरमध्ये रेटलेल्या गाडीसारखं तापतं.

प्रश्न: लाकडी ट्रान्समवर इंजिन बसवताना काय काळजी घ्यावी?

उत्तर: आधी फळी जिवंत आहे का पाहा. हातोडीच्या दांड्याने खाचेपासून खालपर्यंत ठोकत जा. टणक आवाजाच्या जागी ‘भद्’ आला तिथे आत कुजलंय. जुन्या बोल्टांच्या भोकांत स्क्रूड्रायव्हर खुपसा. भुसा ओला निघाला तर इंजिनाचा विषय थांबवा आणि सुताराला बोलवा.

फळी चांगली असेल तर १० मिमी बोल्टसाठी १५ मिमीचं भोक पाडा, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने पूर्ण भरा, सुकल्यावर त्याच्या मधोमध १० चं भोक पाडा. पाणी शिरलं तरी ते लाकडाला लागत नाही. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, आतून मोठे वॉशर किंवा पट्टी, आणि पॉलियुरेथेन सीलंट. नुसत्या क्लँपच्या स्क्रूंवर २० एचपीच्या पुढे विसंबू नका. छोट्या इंजिनालाही सुरक्षेची साखळी हवीच. तळाला तांबं असलेला रंग असेल तर इंजिनाच्या ब्रॅकेटभोवती इंचभर पट्टा तसाच सोडा, नाहीतर ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ॲनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, खाऱ्या पाण्यात जस्ताचा, गोड्यात मॅग्नेशियमचा. त्यावर रंग लावायचा नाही.

तासभर चालवून परत आलात की सगळे नट पुन्हा आवळा. लाकूड दबतं, पहिल्या दिवशी पाव-अर्धा फेरा तरी फिरतोच.