'रामशास्त्री' चित्रपटात रामशास्त्रींच्या छोट्या बायकोचं काम करणाऱ्या बेबी शकुंतला पुढे कोल्हापुरात राहायच्या, हे खरं का?

हो, खरं आहे. पण त्यांचं सिनेमातलं करिअर काही कोल्हापुरात घडलं नाही. 'प्रभात' या चित्रपट कंपनीची सुरुवात 1929 साली इथेच झाली, तरी 1933 मध्ये कंपनी पुण्याला गेली. शकुंतला महाजन (बेबी शकुंतलांचं माहेरचं नाव) 'प्रभात'मध्ये आल्या त्या पुण्यातच, 'दहा वाजता' (1942) या चित्रपटातून.

नाव झालं ते 'रामशास्त्री'मुळे (1944). गजानन जागीरदारांच्या रामशास्त्रींचं लहानपण अनंत मराठेंनी केलं होतं आणि ही त्यांची चिमुकली बायको. त्या दोघांचं गाणं आमच्याकडच्या जुन्या मंडळींना अजून पाठ आहे. खरं सांगायचं तर चित्रपटातली बाकीची प्रकरणं विसरलेले लोकही तेवढं गाणं विसरत नाहीत.

बहुतेक बालकलाकार मोठे झाले की मागे पडतात. यांचं तसं झालं नाही. 'परदेस'मध्ये (1950) मधुबालाबरोबर त्या होत्या, 'चिमणी पाखरं' (1952) मराठीत गाजला आणि 'फरेब'मध्ये (1953) त्या चक्क किशोरकुमारच्या नायिका! 'बेबी' मात्र नावाला चिकटलं ते चिकटलंच.

मग 1954 च्या सुमारास नाडगोंडे घराण्यात लग्न झालं, त्या उमादेवी झाल्या आणि पडदा सुटला. भर विशीत, कामं मिळत असताना. मला विचाराल तर हिंदीत त्यांना अजून बराच वाव होता. जानेवारी 2015 मध्ये कोल्हापुरातच त्यांचं निधन झालं.