स्टीमवर गेमचा अपडेट मध्येच शून्यावर येऊन अडकतो, काय करावं?

आधी डाउनलोडच्या पानावरचा डिस्कचा आलेख बघा. नेटवर्क शून्यावर आणि डिस्क चालू असेल तर काहीच अडकलेलं नाही. स्टीम आलेला डेटा उलगडून जुन्या फाइलींमध्ये बसवत असतं. म्हणूनच छोट्याशा अपडेटलाही कधी कधी बरीच मोकळी जागा लागते, आणि जुन्या हार्ड डिस्कवर हे काम रडतखडत चालतं. अशा वेळी पुन्हा पुन्हा पॉज करू नका, थांबा.

दोन्ही आकडे शून्यावर असतील तर मात्र सेटिंग्जमधल्या डाउनलोड्समध्ये जाऊन डाउनलोड कॅशे (डाउनलोडचा तात्पुरता साठवलेला डेटा) साफ करा. गेम उडत नाहीत, फार तर पुन्हा लॉगिन करावं लागेल. तिथेच डाउनलोड रीजन बदलून जवळचा दुसरा सर्व्हर निवडून बघा. मोठ्या सेलच्या दिवसांत याचाच जास्त उपयोग होतो.

'डिस्क राइट एरर' आली तर पहिला संशय अँटिव्हायरसवर घ्या. स्टीमचं फोल्डर त्याच्या अपवादांच्या यादीत टाका, मग गेमच्या प्रॉपर्टीजमधून फाइलींची पडताळणी करा. बिघडलेल्या फाइली तेवढ्या पुन्हा उतरतात. सगळा गेम काढून नव्याने टाकायची घाई लोक उगाच करतात.

आणि '१०० एमबीपीएसचं कनेक्शन असून १२ च दिसतात' ही तक्रार असेल, तर वेग बरोबर आहे. कनेक्शन बिट्समध्ये मोजतात, स्टीमवरचा हा १२ चा आकडा बाइट्समध्ये असतो, आणि एका बाइटमध्ये ८ बिट्स. १०० ला ८ ने भागा.