कम्युनिस्ट पोलंडमध्ये छापलेला इतिहास आणि उत्खननाचे अहवाल आज संदर्भाला घ्यावेत का?

तुम्ही विचारलंय की १९४५ ते १९८९ दरम्यान पोलंडमध्ये निघालेली इतिहास-पुरातत्त्वाची पुस्तकं वापरावीत, की सगळा सरकारी प्रचार समजून बाजूला ठेवावीत. बाजूला ठेवू नका. ती वगळली तर मध्ययुगीन पोलंडवर धड एक प्रकरणही लिहिता येणार नाही. मात्र प्रत्येक पुस्तकाबाबत दोन गोष्टी आधी तपासायच्या: मजकूर कोणत्या वर्षी पक्का झाला, आणि विषय विसाव्या शतकाच्या किती जवळचा आहे.

पहिल्या गोष्टीसाठी मुखपृष्ठावरच्या सालावर विसंबू नका, मुद्रणाच्या तपशिलाचं पान उघडा. या पुस्तकांत हा तपशील फार सविस्तर असतो. हस्तलिखित जुळणीला (छपाईसाठी टाइप बसवायला) कधी दिलं, छपाईच्या परवानगीची सही कधी झाली, कागद कितव्या दर्जाचा आणि किती ग्रॅमचा, प्रती किती (बऱ्याचदा ‘३०००+२५०’ असं, म्हणजे दुसरा आकडा विक्रीबाहेरच्या प्रतींचा). फर्मे, म्हणजे पुस्तकाची लांबी मोजायची मापं, दोन प्रकारचे दिलेले असतात: छपाईचा फर्मा १६ पानांचा, तर प्रकाशनाचा फर्मा ४०,००० अक्षरांचा, आणि लेखकाचं मानधन या दुसऱ्यावर ठरायचं. त्याच ओळींत एखादं अक्षर आणि पुढे आकडा दिसला तर ती बहुधा सेन्सॉरच्या मंजुरीची खूण. तुमच्या कामाची तारीख जुळणीची. १९५६ साली बाजारात आलेलं पण १९५४ साली जुळणीला गेलेलं पुस्तक १९५४चंच म्हणून वाचायचं, कारण मधल्या दोन वर्षांत पोलंडमधली हवा पार पालटली होती. मात्र दोन तारखांत मोठं अंतर दिसलं की लगेच सेन्सॉरकडे बोट दाखवू नका. कागद आणि छापखाने दोन्ही अपुरे होते, निव्वळ रांगेतही महिनोन्‌महिने जायचे.

सर्वांत कडक काळ १९४९ ते १९५५. २८ डिसेंबर १९५१ ते १२ जानेवारी १९५२ या काळात वॉर्साजवळ ओत्वोत्स्कला इतिहासकारांची परिषद भरली. सोव्हिएत इतिहासकारही हजर होते, आणि पोलंडचा इतिहास मार्क्सवादी टप्प्यांत कसा बसवायचा हे तिथे ठरवलं गेलं. क्राकोची जुनी विद्वत्‌संस्था बाजूला पडून पोलिश विज्ञान अकादमी आली, १९५३मध्ये तिची इतिहास संस्था निघाली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या संस्थेचे संचालक तादेउश मान्तॉइफेल पक्षाचे सदस्य नव्हते, आणि १९२०च्या पोलिश-सोव्हिएत युद्धात त्यांनी उजवा हात गमावला होता. अशा माणसाने १९७० साली मृत्यू येईपर्यंत संस्था चालवली. सत्तेला नाव असलेले प्राध्यापक हवे होते आणि प्राध्यापकांना काम टिकवायचं होतं, या देवाणघेवाणीतूनच त्या काळातली बरीच चांगली पुस्तकं निघाली. म्हणून १९५०-५५च्या पुस्तकात प्रस्तावनेत लेनिन-स्टालिनची अवतरणं ठासून भरलेली आणि आत मात्र मूळ दस्तऐवजांवरचं नेटकं काम, असं वारंवार दिसतं. प्रस्तावनेवरून पुस्तक निकालात काढू नका. सावध राहायचं ते निवडीबाबत: शेतकऱ्यांचा प्रत्येक तंटा वर्गसंघर्षाच्या रकान्यात टाकलेला असतो, आणि चर्च, शहरी पेढ्या, सरदारांच्या सभा यांना जागा कमी मिळते.

ऑक्टोबर १९५६मधल्या सत्ताबदलानंतर गाठ बरीच सैल झाली. तरुण अभ्यासक पॅरिसला जाऊ लागले, फ्रेंच इतिहासकार ब्रोदेल यांच्या वर्तुळाशी घट्ट संबंध जुळले. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक वितोल्द कुला यांचं १९६२चं काम घ्या. वेठबिगारीवर चालणाऱ्या जमीनदारी शेतीचा हिशेब त्यांनी मांडला. कुळांचे फुकट श्रम आणि स्वतःच्या जंगलातलं लाकूड यांची बाजारभावाने किंमत लावली तर शेती तोट्यात दिसते. पण मालक या दोन्हींसाठी रोख दमडीही मोजत नव्हता, त्यामुळे त्याच्या लेखी तोच व्यवहार नफ्याचा. आजची हिशेबपद्धत त्या काळावर लादली की उत्तर चुकतं, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. मार्क्सची अवतरणं न देता मार्क्सचे प्रश्न विचारणारं हे लेखन आहे, आणि मला ते आजही आदर्श वाटतं.

विसाव्या शतकावरचं लेखन मात्र वेगळ्या फडताळात ठेवा. सेन्सॉरचं मुख्य कार्यालय वॉर्सात ‘मिशा’ नावाच्या रस्त्यावर होतं. १९७७ साली क्राको कार्यालयातले कर्मचारी तोमाश स्त्शिझेव्स्की अंतर्गत सूचनांच्या नकला घेऊन स्वीडनला गेले आणि त्या लंडनमध्ये छापल्या गेल्या, म्हणून नियम शब्दशः माहीत आहेत. कातिनबाबतचा, म्हणजे सोव्हिएत पोलिसांनी कैदेतल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या केलेल्या हत्याकांडाबाबतचा नियम असा: सोव्हिएत संघाकडे दोष जाईल असं काही छापायचं नाही, आणि तिथे मेलेल्यांची मृत्युतारीख द्यायचीच असेल तर जुलै १९४१ नंतरचीच चालेल, म्हणजे तो भाग जर्मनांच्या ताब्यात गेल्यानंतरची. खरी हत्या १९४०च्या वसंतातली. सप्टेंबर १९३९मध्ये सोव्हिएत संघाच्या लाल सैन्याच्या हाती लागलेल्या पोलिश सैनिकांना ‘युद्धकैदी’ म्हणायचीही मनाई होती, ‘नजरकैदेतले’ लिहायचं. तेव्हा एखाद्या अधिकाऱ्याच्या चरित्रात सप्टेंबर १९३९ नंतर वाक्य एकदम मोघम झालं, तर ती तारीख दुसरीकडून पडताळल्याशिवाय वापरू नका.

याचा एक धागा थेट कोल्हापूरला येतो. वळिवडे इथे १९४३ ते १९४८ दरम्यान सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यातले बहुतेक १९४०-४१मध्ये पूर्व पोलंडमधून सोव्हिएत संघात हद्दपार केलेल्या कुटुंबांतले. ही हद्दपारीच निषिद्ध विषय असल्याने वळिवड्याची हकीकतही त्या काळच्या अधिकृत इतिहासात शोधून सापडणार नाही. ती परदेशस्थ पोलिश लोकांच्या छपाईत आणि १९८९ नंतरच्या पुस्तकांत शोधा.

१९८१ ते १९८९च्या पुस्तकांत एक सोय आहे. ३१ जुलै १९८१च्या कायद्याने कापलेली जागा दाखवायची मुभा मिळाली. चौकटी कंसात आडव्या रेघा आणि पुढे कायद्याचं कलम दिसलं की तिथे मजकूर होता हे नक्की. पण कंस नाही म्हणजे काटछाट नाही, असं समजू नका. लेखक स्वतःच आधी हात आखडता घेत, आणि त्याची खूण कुठेच राहत नाही.

आता पुरातत्त्व. इथे पैसा भरपूर आला आणि त्याचं कारण नकाशात आहे. १९४५ साली पोलंडची सीमा पश्चिमेकडे ओडर-नीसे नद्यांपर्यंत सरकली आणि आधी जर्मनीची असलेली भूमी पोलंडकडे आली. ही भूमी मुळातच स्लाव्हांची (पोलिश लोक ज्या भाषागटातले, त्यांची) होती असा पुरावा सत्तेला हवा होता, शिवाय पोलंडच्या राज्यकर्त्याने ९६६ साली घेतलेल्या बाप्तिस्म्याला १९६६ साली हजार वर्षं पुरी होणार होती आणि तो सोहळा एकट्या चर्चच्या हाती जाऊ द्यायचा नव्हता. १९४९ साली इतिहासकार अलेक्सांदेर गेयश्तोर यांच्या नेतृत्वाखाली पोलिश राज्याच्या उगमाच्या संशोधनाची मोठी मोहीम सुरू झाली: ग्न्येज्नो, पोझ्नान, ओपोले, ग्दान्स्क, श्चेचिन, वोलिन, व्हिश्लित्सा. १९५३मध्ये सोव्हिएत धर्तीवर ‘भौतिक संस्कृतीचा इतिहास’ अशा नावाची संस्था निघाली. १९५४ ते १९८९ ती पुरातत्त्वज्ञ वितोल्द हेन्सेल यांच्याकडे होती. नाव तत्त्वज्ञानातून आलं, पण परिणाम चांगला झाला: खापरं, धान्य, हाडं, चामड्याची कातरणं, लाकडी घरांचे तळ यांची नोंद सोन्याच्या दागिन्याइतक्याच काळजीने झाली. हेच तंत्र घेऊन पोलिश पथकं फ्रान्समधली ओसाड खेडी आणि १९६१-६२मध्ये व्हेनिसजवळचं तोर्चेल्लो खणायला गेली.

खोट निघाली ती अर्थ लावण्यात, आणि ती मार्क्सवादातून कमी, राष्ट्राभिमानातून जास्त आली. पोलिश पुरातत्त्वज्ञ युझेफ कोस्त्शेव्स्की हे बर्लिनला जर्मन पुरातत्त्वज्ञ गुस्ताफ कोसिना यांचे विद्यार्थी. विशिष्ट खापरं म्हणजे विशिष्ट वंश, ही गुरूची पद्धत त्यांनी जर्मनांऐवजी स्लाव्हांच्या बाजूने वापरली. बिस्कुपिनचं दलदलीतलं लाकडी गाव १९३३ साली एका शिक्षकाच्या नजरेस पडलं, १९३४पासून खणलं गेलं आणि आद्य-स्लाव्ह ठरवलं गेलं. म्हणजे हा सिद्धान्त कम्युनिस्टांच्या आधीचा, त्यांनी तो उचलून धरला. तिथले ओक इ.स.पू. ७३८-७३७च्या हिवाळ्यात तोडलेले आहेत. स्लाव्हांचे लेखी उल्लेख इसवी सनाच्या सहाव्या शतकातले. मधली बाराशेहून अधिक वर्षं जोडायची कशी? क्राकोचे पुरातत्त्वज्ञ कझिमिएश गोद्वोव्स्की यांनी १९७९ साली स्पष्ट मांडलं की पाचव्या शतकात वस्त्या ओस पडतात, पुढची साधी हाती घडवलेली खापरं आधीच्यांशी जुळत नाहीत, आणि स्लाव्ह पूर्वेकडून आले. हे त्याच राजवटीत छापलं गेलं. माझं ठाम मत असं की अभ्यासकाची स्वतःची ओढ आणि सत्तेची इच्छा एकाच दिशेला असतात तिथे चूक सर्वांत जास्त काळ टिकते, कारण तिथे कोणाला दटावावं लागत नाही.

अहवाल वाचताना थरांचे आराखडे आणि वस्तूंच्या याद्या घ्या, कालनिर्णय मात्र पुन्हा तपासा. तटबंदीचं वय खापरांवरून ठरवलंय की झाडाच्या वर्षवलयांवरून, हे बघा. खापरांवरून सहाव्या-सातव्या शतकात टाकलेले अनेक कोट वलयांच्या मोजणीने नवव्या-दहाव्या शतकात आले. ग्न्येज्नोचा कोट सुमारे ९४०चा निघाला. व्हिश्लित्साचं जिप्समचं मोठं वर्तुळाकार कुंड आधी नवव्या शतकातलं बाप्तिस्म्याचं कुंड मानलं, पुढे बऱ्याच जणांना ते चुना कालवायचा खड्डा वाटू लागला. असं कुंड अहवालात भेटलं तर मध्यभागी खांबाचं भोक आहे का, तळाला फिरत्या वल्ह्याचे गोल ओरखडे आहेत का, आणि थर चुन्याचे आहेत का, ही चुन्याच्या खड्ड्याची लक्षणं आराखड्यात शोधा.

वस्त्यांचे नकाशे वापरणार असाल तर १९७८ साली सुरू झालेलं देशव्यापी सर्वेक्षण सोडू नका. सगळा देश ५ × ७.५ किलोमीटरच्या आयतांत विभागला, आणि प्रत्येक आयतातल्या नांगरलेल्या शेतांतून पायी फिरून पृष्ठभागावरची खापरं नोंदवली, ठिकाणागणिक एक कार्ड. जंगलात, कुरणात आणि बांधलेल्या गावात जमीनच दिसत नाही. त्यामुळे नकाशात एखादा पट्टा रिकामा दिसला तर तिथे वस्ती नव्हती असं लिहिण्याआधी तिथे तेव्हा शेत होतं की झाडी, हे त्या कार्डावर बघून घ्या.