वाचकांचे प्रश्न : खडू-फळा घेऊन राजकारणात आलेला पत्रकार

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात माँट्रियल येथे नोकरीला आहे. तिच्या रोजच्या वाटेवरील एका मोठ्या रस्त्याला रेने लेवेक यांचे नाव आहे. ते आधी पत्रकार होते आणि पुढे क्वेबेक प्रांताचे मुख्यमंत्री झाले, एवढेच तिला समजले. पत्रकारितेचा त्यांना राजकारणात खरोखर उपयोग झाला, की केवळ चेहरा ओळखीचा म्हणून लोकांनी निवडून दिले? आणि राजकारणात गेल्यावर त्यांची लेखणी सुटली का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण विचारलेला रस्ता पूर्वी डॉर्चेस्टर या नावाने ओळखला जाई, 1987 साली लेवेक यांच्या निधनानंतर त्याला त्यांचे नाव देण्यात आले. हायड्रो-क्वेबेक या सरकारी वीज कंपनीचे मुख्यालय याच रस्त्यावर आहे, आणि आपल्या पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या कंपनीच्या इतिहासात सापडते.

लेवेक यांचा जन्म 1922 सालचा. गास्पे द्वीपकल्पातील न्यू कार्लाइल या लहान गावात ते वाढले आणि तेथील रेडिओ केंद्रावर कोवळ्या वयातच त्यांनी कामाला सुरुवात केली. कायद्याचे शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्याबरोबर वार्ताहर म्हणून युरोपात होते आणि डाखाऊची छळछावणी मुक्त झाल्यावर तेथे पोहोचलेल्या पहिल्या काही वार्ताहरांत त्यांचा समावेश होता. पुढे कोरियाच्या युद्धाचे वार्तांकनही त्यांनी केले. मात्र ते घरोघरी पोहोचले ते 1956 ते 1959 या काळात कॅनडाच्या सरकारी दूरचित्रवाणीच्या फ्रेंच विभागात चाललेल्या ‘प्वँ द मीर’ या कार्यक्रमामुळे. हातात खडू, मागे फळा आणि नकाशा, अशा थाटात ते सुएझ कालव्याचा पेच किंवा अल्जीरियातील युद्ध अशा रीतीने उलगडून सांगत, की फारसे न शिकलेल्या कामगारालाही तो विषय आपला वाटावा. 1958 च्या डिसेंबरअखेरीस याच फ्रेंच विभागातील निर्मात्यांनी संप पुकारला. तो दोन महिन्यांहून अधिक काळ चिघळला आणि ओटावातील केंद्र सरकारने त्याची फारशी दखल घेतली नाही. संपाच्या आघाडीवर असलेल्या लेवेक यांच्या मनात क्वेबेकमध्ये बहुसंख्य असलेल्या फ्रेंच भाषकांच्या उपेक्षेची जी सल राहिली, तिनेच त्यांना राजकारणाकडे ढकलले, असे माझे मत आहे.

1960 साली लिबरल पक्षातर्फे ते माँट्रियलच्या लॉरिए मतदारसंघातून उभे राहिले. आपल्याकडील निवडणुकांत नामसाधर्म्याचे उमेदवार उभे करण्याचा प्रकार वाचकांच्या परिचयाचा आहे. तेथेही नेमके तेच घडले. मतपत्रिकेवर आणखी एक रेने लेवेक होते आणि त्यांनी नऊशेवर मते घेतली. आपले लेवेक अवघ्या 129 मतांनी निवडून आले. म्हणजे निव्वळ प्रसिद्धीने त्यांना जेमतेम तारले.

खरा उपयोग मंत्री झाल्यावर दिसला. नैसर्गिक साधनसंपत्ती खाते हाती येताच प्रांतातील खासगी वीज कंपन्या सरकारने विकत घ्याव्यात, असा आग्रह त्यांनी धरला. एकाच प्रांतात विजेचे दर गावागणिक वेगळे होते. आबितिबी भागात तर विजेचा प्रवाह सेकंदाला 60 ऐवजी 25 आवर्तनांचा (सायकलचा) होता, त्यामुळे अन्यत्र चालणारी यंत्रे तेथे चालत नसत. लेवेक यांनी फेब्रुवारी 1962 मध्ये मंत्रिमंडळाची संमती न घेताच हा विचार जाहीर केला, मग प्रांतभर फिरून सभांमध्ये नकाशे आणि आकडे मांडत तो समजावून सांगितला. मुख्यमंत्री झाँ लसाज आधी कचरत होते, पण अखेर याच एका प्रश्नावर त्यांनी नोव्हेंबर 1962 मध्ये मुदतीआधी निवडणूक घेतली. ‘आपल्या घराचे आपणच धनी’ अशा आशयाची घोषणा देत पक्ष जिंकला आणि पुढील वर्षी 60 कोटी डॉलरहून अधिक किंमत मोजून 11 कंपन्या हायड्रो-क्वेबेकच्या ताब्यात आल्या. मते मागण्यापूर्वी विषय समजावून द्यायचा, ही पत्रकाराची सवय धोरण ठरवण्याच्या कामी इतकी उपयोगी पडल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

1967 साली लिबरल पक्ष सोडून त्यांनी क्वेबेकच्या सार्वभौमत्वासाठी, म्हणजे कॅनडापासून वेगळ्या स्वतंत्र क्वेबेकसाठी, वेगळी चळवळ उभारली आणि पुढील वर्षी तिच्यातून पार्ती केबेक्वा हा पक्ष आकाराला आला. 1970 आणि 1973 अशा लागोपाठ दोन निवडणुकांत ते स्वतः पराभूत झाले, परंतु 15 नोव्हेंबर 1976 रोजी पक्षाने 110 पैकी 71 जागा जिंकल्या आणि ते मुख्यमंत्री झाले. त्यांच्या सरकारने फ्रेंच भाषेला प्राधान्य देणारा जो कायदा केला, त्याची चर्चा सर्वत्र होते. मला मात्र 1977 चा दुसरा कायदा अधिक मोलाचा वाटतो. त्याने कंपन्या आणि संघटना यांच्याकडून पक्षांनी देणग्या घेण्यास बंदी केली आणि देणगी देण्याचा अधिकार केवळ मतदारांपुरता, तोही ठरावीक मर्यादेत, ठेवला. पैसा कोणाकडून येतो हे लोकांना कळले पाहिजे, हा बातमीदाराचा आग्रह त्यात स्पष्ट दिसतो.

त्यांच्या मर्यादेचाही उल्लेख करायला हवा. 20 मे 1980 च्या सार्वमतात त्यांनी लोकांपुढे शंभराहून अधिक शब्दांचा प्रश्न ठेवला. त्यात सार्वभौमत्व होते, कॅनडाशी आर्थिक सहकार्य होते आणि पुन्हा एकदा कौल घेण्याचे आश्वासनही होते. सुमारे 60 टक्के मतदारांनी नकार दिला. केवळ लांबलचक प्रश्नामुळे हार झाली, असे म्हणता येणार नाही. पण अवघड गोष्ट सोपी करण्याबद्दल ज्यांची ख्याती होती, त्यांनी हा प्रश्न इतका सावध आणि गुंतागुंतीचा ठेवावा, याची खंत वाटते. तरीही पुढील वर्षी लोकांनी त्यांच्याच पक्षाला अधिक जागा देऊन पुन्हा निवडून दिले.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. लेखणी सुटली नाही. 1970 च्या पराभवानंतर विधिमंडळाबाहेर असताना ते माँट्रियलच्या दैनिकात स्तंभलेखन करीत होते आणि पक्षही चालवीत होते. 1985 साली मुख्यमंत्रिपद सोडल्यावर त्यांनी आठवणी लिहिल्या. त्या 1986 मध्ये प्रसिद्ध झाल्या.