तृतीयपंथी म्हणजेच ट्रान्सजेंडर का?

प्रश्न असा की ट्रान्सजेंडरला मराठीत तृतीयपंथी म्हणावं, पारलिंगी म्हणावं की किन्नर, आणि तृतीयपंथीमधला 'पंथ' आला कुठून.

संस्कृतात जुना शब्द आहे तृतीयाप्रकृती, अमरकोशात सापडतो. म्हणजे 'तिसरं' जुनंच आहे, पण तिथे प्रकृती आहे, पंथ नाही. मराठीत पंथ म्हटलं की नाथपंथ, महानुभाव पंथ असं काहीतरी डोळ्यापुढे येतं, जिथे गुरू असतो, दीक्षा असते, घर सोडून त्यात जायचं असतं. आणि मुंबईतल्या हिजडा समाजाचं तसंच तर आहे! गुरू, चेला, चेल्याचे चेले म्हणजे नातीचेले, वर घराण्याचा नायक, आणि गुरू करायच्या विधीला म्हणायचं 'रीत'. एका घराण्याचं नावच भेंडीबाजार. (संगीतातलं भेंडीबाजार वेगळं बरं का, पण एकाच वस्तीच्या नावाने दोन घराणी हे मला भारी वाटतं.) त्यामुळे या लोकांना तृतीयपंथी शब्द चपखल बसतो.

पण तो ट्रान्सजेंडरचं भाषांतर नाही, गडबड इथेच होते. समजा डोंबिवलीतला एखादा ट्रान्समॅन, जन्माच्या दाखल्यावर मुलगी, आता पुरुष म्हणून नोकरीला जातो, त्याचा ना गुरू ना घराणं, आणि तो 'तिसरा' पण नाही, तो पुरुष आहे. त्याला तृतीयपंथी कसं म्हणणार? सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात पण तृतीय लिंगाला मान्यता आहे आणि शिवाय स्वतःला स्त्री किंवा पुरुष म्हणवून घ्यायचा हक्कही आहे. अशा वेळी पारलिंगी बरा, किंवा सरळ ट्रान्स म्हणा, लोक तेच बोलतात.

अजून एक गंमत. कोती, म्हणजे जन्माने पुरुष पण बायकी वळणाचे आणि पुरुषांकडे ओढ असलेले लोक, त्यांच्या आपसातल्या बोलीत 'पंथी' म्हणजे त्यांचा मर्दानी जोडीदार. म्हणजे आपण ज्याला तृतीयपंथी म्हणतोय त्याच्या बोलीत नुसता पंथी म्हणजे समोरचा पुरुष, एकदम उलटं.

किन्नर हिंदीतून आलाय. मूळचे किन्नर म्हणजे पुराणातले स्वर्गातले गवय्ये. 2015 मध्ये तृतीयपंथी साधूंचा किन्नर आखाडा निघाला, तेव्हापासून हा शब्द मानाने वापरतात, पण मराठीत मला जरा उसना वाटतो. हिजडा शिवी म्हणून वाईटच, पण समाजातले बरेच लोक स्वतःला अभिमानाने हिजडा म्हणतात, आपण बाहेरच्यांनी जपून. छक्का, बायल्या यांच्यावर चर्चाच नको.

आणि मुंबईत समलिंगी आणि ट्रान्स लोकांनी स्वतःच्या कामाला नावं काय दिली ते बघा, 1990 मध्ये मासिक निघालं 'बॉम्बे दोस्त', 1994 ला हमसफर ट्रस्ट, 1995 ला लेस्बियन बायकांचा 'स्त्री संगम'. कुठेही 'लिंग' हा शब्द नाही की 'पंथ' नाही, सगळे सोबतीचे शब्द. माझं सगळ्यात आवडतं नाव मात्र ट्रान्स कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या संस्थेचं, 'सखी चारचौघी'. चारचौघींसारखी म्हणजे अगदी साधी, कुठल्याही बाईसारखी बाई, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही आणि इंग्रजीत नेताना नाकी नऊ येतात.

ता. क. तृतीयपंथी आणि तृतीयपंथीय दोन्ही चालतं, वारकरी पंथीय म्हणतो तसंच.